डब्ल्यू फॉर वाशी

"तू कंप्युटरातलोच मा? मग पाच मिनटांचा काम आसा." हे वाक्य गणपतीपासून शिमग्यापर्यंत गावात कधीही पाऊल टाकलं तरी माझ्या कानावर पडतं. डॉक्टरला निदान लोक "फी किती?" असं खोटं खोटं विचारतात तरी. आम्हाला तेही नाही.

या वेळचा पाच मिनिटवाला माझा चुलतभाऊ पक्या. देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, त्याची हापूसची बाग आहे. गेल्या हंगामात कुणीतरी त्याच्या गळ्यात कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म मारला. वेबसाइटवरून, व्हॉट्सॲपवरून, फोनवरून आणि वहीतून आलेली सगळी गिऱ्हाइकं एकत्र करायची, नंबर-ईमेल जुळवून एकेका माणसाचं एकच खातं करायचं, असं ते प्रकरण. आता पक्याला त्याला एआय एजंट जोडून हवा होता. म्हणजे "गेल्या साली जास्त पेटये कोणी नेले?" असं विचारलं की उत्तर हजर.

जोडणी कमांड लाइनवरून, म्हणजे टर्मिनल नावाच्या खिडकीत आज्ञा टाइप करून. 2024 च्या नोव्हेंबरात एआयला बाहेरच्या माहितीशी जोडायची मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक सामायिक पद्धत आली, तेव्हापासून हे काम खरंच सोपं झालंय. पॅकेज उतरवा, सर्व्हरचा पत्ता द्या, लॉगिन करा. पॅकेज उतरलं, पत्ता दिला. लॉगिनला घोडं अडलं.

टर्मिनलवर आठ अक्षरांचा एक कोड आला. ज्याचं खातं, त्याने आपल्या फोनवर एक पान उघडून तो कोड टाकायचा आणि परवानगी द्यायची. मुदत पंधरा मिनिटं. ही पद्धत मुळात टीव्ही, प्रिंटर अशा धड कीबोर्ड नसलेल्या यंत्रांसाठी निघाली. 2019 साली तिचं रीतसर मानक झालं. त्यात एक शिफारस अशी की कोडात ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरं घेऊच नयेत, म्हणजे चुकून एखादा भलता शब्द तयार होणार नाही. सभ्यतेची एवढी काळजी घेतलेल्या त्या कोडापायी आमच्या ओटीवर त्या दुपारी जे शब्द तयार झाले, ते मानक लिहिणाऱ्यांनी ऐकायला हवे होते.

कारण खातं पक्याच्या नावावर, आणि पक्या वर सड्यावर हातात आंबे काढायचा झेला घेऊन. मोबाइलला रेंज फक्त तिथेच. खाली घरात वायफाय आहे, पण ते माजघराच्या उंबऱ्याबाहेर येत नाही. कोड व्हॉट्सॲपवर पाठवला, तर पक्या तो बघायला ब्राउझर सोडून जाणार आणि परत येईपर्यंत ते पान कोरं होणार. शिवाय त्याचा चष्मा ओटीवरच्या खुंटीला. उरला लँडलाइन. तो ओटीवर, दाजीकाकांच्या ताब्यात.

दाजीकाका तार खात्यातून निवृत्त. 2013 च्या जुलैत देशातली तार बंद झाली त्याचं दुःख त्यांना अजून आहे, आणि ते कुणालाही, कुठल्याही निमित्ताने सांगता येतं. मी आत कोड वाचणार आणि ते रिसीव्हरमध्ये सांगणार, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

"तू नुसतो वाच. तीस वर्षां ह्याच केलंय मी."

मी वाचलं, "डब्ल्यू."

"डब्ल्यू! डब्ल्यू फॉर वॉशिंग्टन!" काका रिसीव्हरमध्ये असे ओरडले की फोन नसता तरी सड्यावर ऐकू गेलं असतं.

तिकडून पक्या काहीतरी बोलला. काका म्हणाले, "वाशी न्हय रे मेल्या, वॉशिंग्टन! अमेरिका!"

पुन्हा तिकडून बराच वेळ बोलणं. काका माझ्याकडे वळले. "तो म्हणता, अमेरिकेक आंबो धाडूचो तर किरणां मारूक होयी."

हे खरं आहे. 2007 साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं ते विकिरण करून पाठवायच्या अटीवर. पण हे मला त्या क्षणी नको होतं. अकरा मिनिटं उरली होती.

"काका, त्याला फक्त अक्षर टाकायला सांगा."

"टाकल्यान. व्ही टाकल्यान."

"व्ही? का?"

"किरणांचा सेंटर वाशीकच आसा ना."

मी कपाळावर हात मारला. ते खोडायला लावलं. पुढचं अक्षर बी. काकांनी खात्यातल्या जुन्या सवयीने "बी फॉर बॉम्बे" म्हटलं. पक्या शाळेत गेला तेव्हा बॉम्बेची मुंबई होऊन गेलेली. त्याने एम टाकला. मग एम आला, तर काका म्हणाले "मद्रास", आणि पक्याने विचारलं, "चेन्नई मा? म्हणजे सी?" यावर काकांनी त्याला 1995 साली मुंबई आणि 1996 साली चेन्नई हे नामांतर कसं झालं, त्यामुळे तारमास्तरांचे किती हाल झाले, हे सविस्तर सांगितलं. लँडलाइनवरून. सड्यावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला.

टर्मिनलवर ओळ आली: कोडची मुदत संपली.

दुसरा कोड मागवण्याआधी काकांना चहा लागला. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "ह्येका शब्दाक किती पडतत?" तारेचं बिल शब्दावर व्हायचं, तेव्हा प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की याला शब्द नाही, टोकन मोजतात. शब्दाचे तुकडे पाडतात आणि तुकड्यांचे पैसे घेतात. आणि मग उगाच, खरं बोलायच्या नादात, हेही सांगितलं की तोच मजकूर इंग्रजीपेक्षा देवनागरीत बहुतेक वेळा जास्त तुकडे खातो.

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मराठीत इचारला तर जास्त पैशे?"

"साधारण तसंच."

"आमी देवनागरीत तारी घेतल्यो. शब्द तो शब्द. ह्येच्या बापाशीचा काय गेला?"

काकांचं बोलणं मी एरवी या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो. इथे मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

दुसरा कोड आला तेव्हा काकी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि तिने काकांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "पक्या, आयक. बांगड्याचो बी. सुरमयचो एस. हलव्याचो एच. रावसाचो आर. मोरीचो एम. तारल्याचो टी. कर्लीचो के." एका दमात सात अक्षरं, एकही चूक नाही. आठवं अक्षर एक्स. काकी क्षणभर थांबली. एक्सचा मासा आमच्या किनाऱ्याला लागत नाही. मग म्हणाली, "आणि शेवटाक फुली मार." झालं. मिनिटभरही लागलं नाही.

काका म्हणाले, "मी सुरुवात करून दिली म्हणान तिका जमला."

आता परवानगीचं पान. त्यात दोन चौकोन: एक माहिती वाचण्याचा, दुसरा माहिती बदलण्याचा आणि गिऱ्हाइकांना संदेश पाठवण्याचा. दोन्हीत आधीपासूनच खूण. मला फक्त वाचायची परवानगी हवी होती, तसं मी घसा फोडून सांगितलं. पण खूण काढायचा चौकोन तिळाएवढा आणि होकाराचं निळं बटण हातभर लांब. भर उन्हात बिनचष्म्याचा माणूस कुठे बोट ठेवणार? पक्याने बटण दाबलं. ही पानं बनवणाऱ्यांना ते नक्की ठाऊक असतं, आणि ठाऊक असतं म्हणूनच ती तशी बनवतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती नेमकी, समजून-उमजून दिलेली हवी असं छापलंय. डोंबिवलीच्या ज्या माणसाने फक्त दोन डझन आंबे मागवले होते, त्याला तर या सगळ्यात कुणी विचारलंसुद्धा नाही.

असो. एजंट जोडला गेला. मी पहिला प्रश्न टाकला: गेल्या हंगामातलं सर्वात मोठं गिऱ्हाईक कोण?

एजंटने जराही न अडखळता पक्याचं नाव सांगितलं.

झालं होतं असं की जी गिऱ्हाइकं फोन नंबर देत नाहीत, त्यांच्यापुढे पक्या स्वतःचाच नंबर टाकत आला. प्लॅटफॉर्मने नंबर जुळवले आणि त्या सगळ्यांचा मिळून एक माणूस केला. हा माणूस एकाच वेळी दादर, कोथरूड आणि कांदिवलीला राहतो, शेकड्यांनी पेट्या खातो, आणि जूनपासून त्याने काहीही मागवलेलं नाही. एजंटला त्याची काळजी वाटत होती. हे गिऱ्हाईक हातचं जायच्या बेतात आहे, त्याला पंधरा टक्के सूट पाठवू का, असं त्याने खाली विचारलं होतं. होय की नाही.

मी काकीला हाक मारायला आत गेलो. ती हसेल म्हणून. तेवढ्या वेळात दाजीकाका उंबरा ओलांडून लॅपटॉपपाशी आले.

"काका, तुम्ही काही दाबलंत का?"

"तो इचारी होतो. होय म्हटलंय. तार इली की पोच देवक होयी."

लँडलाइन वाजला. काकांनी उचलला, ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "पक्याक त्येच्याच आंब्यांवर पंधरा टक्के सूट गावली. तो इचारता, कूपन कधीपर्यंत चलात?"

माहिती बदलण्याची आणि संदेश पाठवण्याची परवानगी काढून टाकायची सोय सेटिंगांच्या पोटात पार तळाशी सापडली, आणि ती वापरायला पुन्हा खातेदाराचाच होकार लागतो, म्हणजे पुन्हा सडा, पुन्हा फोन. संध्याकाळी तिठ्यावरच्या दुकानात काका सांगत होते की त्यांनी नुसत्या फोनवर एआय जोडून दिला, पुतण्या फक्त अक्षरं वाचत होता. पक्याने त्यांना पाच डझनांची पेटी दिली. मला पिशवीभर डागी आंबे. "रस बरो होता ह्येंचो," म्हणाला.