वेण्या ओढून जमलेलं लग्न?

उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम, म्हणजे १०६६ मध्ये ज्याने इंग्लंड जिंकलं तो, त्याच्या लग्नाची गोष्ट सध्या मराठीतही फॉरवर्ड होत फिरते आहे. फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमच्या बाजूचा मुलूख) माटिल्डाने 'मी अनौरसाशी लग्न करणार नाही' म्हणून त्याला झिडकारलं. विल्यम घोडा दामटत गेला, तिच्या वेण्या धरून तिला लोळवलं, बदडलं. आणि ती भाळलीच! जेमतेम सव्वाचार फुटांची ही बाई पुढे जन्मभर त्याच्या शब्दाबाहेर गेली नाही म्हणे. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

आधी मारहाण. लग्न झालं १०५० च्या आसपास. ही गोष्ट लिहिलेली सापडते तेराव्या शतकात, दीडशेहून अधिक वर्षांनी. तीही एकसारखी नाही: कुठे ब्रुजमध्ये चर्चमधून परतताना, कुठे लीलमध्ये बापाच्या वाड्यात. बखरी वाचणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. विल्यमच्या काळातल्या लेखकांना या प्रसंगाचा पत्ताच नाही. त्यांच्या काळात नोंदली गेलेली अडचण वेगळीच होती. १०४९ मध्ये रँसच्या धर्मसभेत पोप नववा लिओ याने माटिल्डाच्या बापाला, काउंट पाचव्या बाल्डविनला, मुलगी विल्यमला द्यायची नाही असं बजावलं. कारण दिलेलं नाही. जवळचं नातं असावं, असा बहुतेकांचा अंदाज. तरी लग्न झालंच. का होणार नाही? माटिल्डाची आई फ्रान्सच्या राजाची सख्खी बहीण आणि फ्लँडर्स श्रीमंत. सात-आठ वर्षांचा असताना बाप गमावलेल्या, बंडखोर सरदारांनी घेरलेल्या ड्यूकला असं सासर हवंच होतं. सोयरीक बाल्डविनने ठरवली, वेण्यांनी नव्हे.

अनौरस होता, हे मात्र खरं. आई हेर्लेवा फालेझची, लग्नाची बायको नव्हे. तिचा बाप कातडी कमावणारा, असं सांगतात. प्रेतांची व्यवस्था पाहणारा होता, असंही एक मत आहे. पण नॉर्मन ड्यूकांच्या घरात अशी मुलं गादीवर बसणं नवं नव्हतं. विल्यमचा पणजोबा पहिला रिचर्ड हाही अंगवस्त्राचाच मुलगा.

सव्वाचार फुटांचं प्रकरण तर निव्वळ ऐकीव. काँ शहरातली माटिल्डाची कबर १५६२ मध्ये ह्यूगनोंनी, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांनी, फोडली होती, त्यामुळे हाडं अपुरी उरली. विसाव्या शतकात ती मोजली तेव्हा अंदाज निघाला १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. १२७ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास सव्वाचार फूट, हा आकडा नंतर छापून आला आणि चिकटला.

राहिलं 'शब्दाबाहेर गेली नाही'. विल्यम इंग्लंडवर चालून गेला तेव्हा मागे नॉर्मंडी सांभाळली ती हिनेच. त्याचं 'मोरा' हे जहाजही हिनेच दिलेलं. पुढे थोरला मुलगा रॉबर्ट बापावर उलटला. १०७९ च्या जेर्बरॉय वेढ्यात तर त्याने बापाला घोड्यावरून खाली पाडलं. माटिल्डा या मुलाला चोरून पैसे पाठवत होती. विल्यमला कळलं, तो भडकला. ऑर्डेरिक व्हिटालिस हा भिक्षू-इतिहासकार लिहितो, की तिने उत्तर दिलं: रॉबर्ट मेला आणि सात फूट खोल पुरला गेला, तरी माझ्या रक्ताने तो उठणार असेल तर मी ते सांडेन.

हे बोलणं ऑर्डेरिकने रंगवलेलं असणार, त्या काळचे लेखक तसं करत. म्हणजे मी वेण्यांना एक न्याय आणि याला दुसरा लावतोय का? नाही, कारण इथे साक्षीदार जवळचा आहे. राणीचा निरोप्या सामसन नावाचा ब्रेटन, म्हणजे ब्रिटनी प्रांतातला माणूस. विल्यमने त्याचे डोळे काढायचा हुकूम सोडला, राणीच्या माणसांनी त्याला आधीच कळवलं आणि तो पळाला तो थेट सेंट-एव्रूलच्या मठात. तिथे तो भिक्षू झाला. ऑर्डेरिक त्याच मठात राहत होता.