दोन उन्हं खाल्ली की मिळेल, साहेब

डेंटिंग-पेंटिंग झालेली गाडी ताब्यात मिळते ती बहुधा संध्याकाळी सातला, पिवळ्या दिव्याखाली. ही वेळ गॅरेजवाल्याने पंचांग पाहूनच काढलेली असते असा मला दाट संशय आहे. त्या उजेडात नवं चंदेरी दार आणि जुना चंदेरी फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) सख्खी भावंडं दिसतात. सकाळी सोसायटीच्या आवारात ऊन पडलं की कळतं, दार सावत्र आहे. रंग जुळत नाही म्हणून आपण फोन करतो आणि पलीकडून उत्तर येतं, ‘‘दोन उन्हं खाल्ली की मिळेल, साहेब.’’

उन्हाने पापड वाळतात, मिरच्या वाळतात, दार फेंडरला मिळत नाही. बेस कोट (म्हणजे मूळ रंग) मारला, वर क्लिअर (म्हणजे पारदर्शक थर) चढलं, बूथमध्ये (रंगकामाच्या बंद खोलीत) पत्रा ६० अंशांवर अर्धा तास भाजला, की शेड जी काय व्हायची ती झाली. नवं दार पाच वर्षांनी आजच्या फेंडरसारखं दिसेलही. पण तोवर फेंडर आणखी पाच वर्षांनी म्हातारा झालेला असेल.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘‘कोड टाकून रंग काढलाय.’’ गाडीच्या रंगाचा कोड खराच असतो. मॉडेलप्रमाणे तो दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर मिळतो. पण कोड म्हणजे नुसतं आडनाव. एकाच कोडच्या गाड्या वेगवेगळ्या बॅचमध्ये किंचित पिवळट, किंचित निळसर निघतात, म्हणून रंगकंपन्या एका कोडला अनेक उपशेड देतात आणि त्यांच्या पट्ट्यांचा गठ्ठाही देतात. तो गठ्ठा गाडीशेजारी धरून पाहायचा असतो. कपाटात पाहिला तर सगळ्याच पट्ट्या जुळतात. आणि पट्टी धरण्याआधी शेजारचा फेंडर धुऊन त्याला रबिंग कंपाउंडने घासून चमकवायला सांगा, नाहीतर पेंटर इमानेइतबारे तुमच्या मळाशी शेड जुळवतो.

फॉर्म्युला काट्यावर ग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजला, तरी डबे नीट ढवळले नसतील तर मोजमाप वाया. अ‍ॅल्युमिनियमची चमक तळाला बसलेली असते. वरचं पातळ एका गिऱ्हाइकाला जातं आणि तळाची चांदी दुसऱ्याला.

मग नमुना. ढवळायच्या काडीवरचा ओला रंग दाराला लावून ‘‘बघा, सेम आहे’’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. नमुना कार्डावर स्प्रे गनने मारायचा, तोही दारावर मारणार त्याच हाताने, त्याच प्रेशरने, आणि त्यावर क्लिअर चढवायचं. कारण क्लिअर पडलं की खालचा रंग गडद होतो. मग ते कार्ड उन्हात आणि सावलीत, समोरून आणि कडेने पाहायचं. ट्यूबलाइटखाली एक झालेल्या दोन शेड उन्हात खुशाल काडीमोड घेतात.

सगळ्यात छळवादी रंग चंदेरी. मेटॅलिक रंगातली चमक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे चिमुकले पापुद्रे. कोट ओला पडला तर ते आत बुडतात, वेडेवाकडे उभे राहतात आणि दार समोरून गडद दिसतं. कोट कोरडा पडला तर वरच सपाट निजतात आणि दार समोरून फिकट, कडेने गडद दिसतं. म्हणजे डबा एक, फॉर्म्युला एक आणि रंग दोन. गन १५-२० सेंटीमीटरवर धरली की ३० वर, थिनर किती, हवा किती, पेंटरचा हात घाईत आहे की निवांत, सगळं त्यात उतरतं. ढग (चमकेचे डाग) उठू नयेत म्हणून शेवटचा हात थोडा लांबून, कमी हवेवर, उडवल्यासारखा मारतात. जेवायची सुट्टी जवळ आली की पहिला बळी याच हाताचा जातो.

पांढरी गाडी घेतली म्हणून सुटलात असं समजू नका. मोतिया पांढऱ्यात खाली पांढरा, मध्ये मोत्याचा थर, वर क्लिअर असे तीन मजले. मधल्याचे दोन कोट की तीन, यावर शेड बदलते. शहाणा पेंटर आधी एका पट्टीवर एक, दोन, तीन, चार कोटांची उतरंड मारून गाडीशी लावून बघतो. लाल-पिवळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. ते रंग खालचं झाकायला कमजोर, त्यामुळे रंगाआधी मारलेल्या करड्या सरफेसरचा (अस्तराचा) नकाशा वर उमटतो.

आता मुद्द्याची गोष्ट. चांगला पेंटरसुद्धा रंग शंभर टक्के जुळवत नाही. फरक कुठे सुरू होतो ते डोळ्याला कळू देत नाही. पुढचं दार दुरुस्त केलं तर रंग दारावर पूर्ण आणि फेंडर व मागच्या दारावर विरत विरत न्यायचा. त्या दोन्ही पॅनेलना १००० नंबरच्या पेपरने घासायचं, बेस कोट जोडापासून थोडा पुढे नेऊन पातळ करत सोडायचा आणि क्लिअर मात्र कडेपर्यंत पूर्ण मारायचं. क्लिअरचा जोड मधेच सोडला की काही महिन्यांनी तिथे कड दिसते, मग तिथून क्लिअर सोलपटायला लागतं. हे न करता दाराच्या कडेला चिकटपट्टी लावून तेवढंच दार मारणं म्हणजे धोतरावर पँटचं ठिगळ.

इथे विमा आडवा येतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर लिहून जातो ‘एक दार’. शेजारच्या दोन पॅनेलवरचं काम त्याला चैन वाटते. म्हणून तो येण्याआधीच अंदाजपत्रकात ते वेगळं लिहून घ्या. घसाऱ्याला (जुनेपणापोटी भरपाईतून कापतात त्या रकमेला) घाबरू नका. मोटार टॅरिफच्या, म्हणजे वाहन विम्याच्या नियमावलीच्या, नियमात रंगकामावर ५० टक्के घसारा फक्त मालाच्या किमतीवर लागतो, आणि एकत्रित बिलात माल २५ टक्के धरतात. ८,००० रुपयांच्या रंगकामात माल २,००० चा, कापले जातात १,०००. झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) असेल तर तेही नाही.

आणि हो, शेड बंपरशी ताडून पाहू नका. बंपर प्लॅस्टिकचा, तो बहुतेकदा पत्र्यापासून वेगळा रंगवलेला असतो. नव्याकोऱ्या गाडीतही तो घरजावयासारखा थोडा वेगळाच दिसतो.

फसलेलं काम हाती आलंच, तर तेच एकटं दार पुन्हा मारू देऊ नका. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जुना न घासता त्यावर थर चढत गेले की भेगा पडतात, आणि गाडी विकताना गिऱ्हाइकाचा मायक्रॉन मीटर सगळं ओकतो. आधी जुन्या पॅनेलला पॉलिश मारून बघा. तेवढ्याने फरक गेला तर सुटलात. नाही गेला तर शेजारच्यांवर रंग विरवून घ्या. नुसती क्लिअरची कड खुपत असेल तर २०००, मग ३००० नंबरचा पेपर आणि कंपाउंड पुरे. कामाआधी टायरला चमकवणारं तेल मात्र लावू नका. सिलिकॉनचा एक थेंब पत्र्यावर गेला की रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात.

‘‘गाडी धुऊन ठेवतो, संध्याकाळी सातला या,’’ असा फोन येईल. ‘‘उद्या सकाळी अकराला येतो, गाडी उन्हात काढून ठेवा,’’ म्हणा. पलीकडे थोडा वेळ फक्त कॉम्प्रेसर ऐकू येईल. मग आवाज येईल, ‘‘मग अजून दोन दिवस द्या, साहेब.’’

द्या.