‘आधी’तला मी

आज सकाळी बरोबर सात-बाराला सोसायटीच्या ग्रुपवर माझं पोट आलं. क्षेत्रफळासकट.

चेहराही होता, नाही असं नाही. पण फोटो काढणाऱ्यानं मोबाइल असा काही धरला होता की बघणाऱ्याची नजर आधी पोटावर जावी, तिथे जरा टेकावी आणि जमलंच तर मग चेहऱ्यापर्यंत चढावी. खाली लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘आधी’. शेजारच्या फोटोखाली हिरवी पट्टी, ‘नंतर’. त्या ‘नंतर’बद्दल नंतर बोलू, अजून माझं डोकं शांत झालेलं नाही. ग्रुपवर टाकणाऱ्या बी विंगमधल्या काकूंनी मला ओळखलंही नव्हतं. त्यांनी भाबडेपणानं विचारलं होतं, ‘कोणी घेतली आहे का ही पावडर? गुण येतो का?’ पावणेआठपर्यंत उरलेल्या सगळ्यांनी मला ओळखलं. शर्टावरून. तो चौकड्यांचा शर्ट घालून मी दर रविवारी सोसायटीची पाण्याची मोटर बंद करायला जातो.

झालं ते थोडक्यात सांगतो. मेव्हण्याचं धायरीला औषधांचं दुकान आहे. त्याला नैसर्गिक आरोग्य उत्पादनांच्या व्यापारी प्रदर्शनाचा पास आला होता. ऐन वेळी दुकानातला पोरगा आला नाही, आणि ‘दाजी, तुम्हाला शनिवारी काय काम असतं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडईला मेट्रोत बसलो, पिंपरीला उतरलो. गळ्यात मेव्हण्याच्या नावाचं कार्ड, त्याखाली ‘प्रोप्रायटर’.

असल्या हॉलमध्ये शिरलं की पहिल्या दहा पावलांतच आपण आजारी असल्याचं कळतं. दुतर्फा स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर इस्त्रीचा टी-शर्ट घातलेली तरुण पोरं, आणि त्यांच्या हातात बुटुकले कागदी कप. आवळा, कोरफड, गव्हांकुर, कारलं-जांभूळ. पाचव्या कपात नोनी होती. नोनी म्हणजे आपली बारतोंडी. तिच्या मुळांपासून लाल रंग काढून पूर्वी कापड रंगवत, इथवर मला ठाऊक होतं. फळ पिळून कोणी पितं, हे नव्हतं. पिकलेल्या बारतोंडीला जुलै महिन्यातल्या मोज्यांचा वास येतो. ‘सवय लागते सर,’ पोरगा म्हणाला. मोज्यांचीही लागतेच.

पुढे हिमालयातलं गुलाबी मीठ. म्हटलं, ‘हे कुठून येतं?’ ‘हिमालयातून सर.’ ‘हिमालयात नेमकं कुठून?’ तो मागे लावलेल्या बर्फाच्या पोस्टरकडे बघायला लागला. हे मीठ मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाबात, खेवड्याच्या खाणीतून निघतं. हिमालय तिथून बराच लांब राहिला. आणि आपण त्याला पिढ्यान्‌पिढ्या सैंधव म्हणतो, म्हणजे सिंधूकडचं. घरोघरी उपासाच्या डब्यात असतं. पण ‘उपासाचं मीठ’ या नावाला लाकडी झाकणाची बरणी शोभत नाही.

हळदीच्या स्टॉलवर मात्र चूक माझीच झाली. तिथल्या मुलीनं ‘करक्युमिन’ (हळदीतलं पिवळं द्रव्य) म्हटल्याबरोबर माझ्यातला पुणेकर जागा झाला. मी तिला सांगत सुटलो, की हळदीनं जखम बरी करायचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळालं होतं, शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढे टाकून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं, आणि माशेलकर त्याआधी आपल्या इथल्या पाषाणच्या एनसीएल या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे संचालक होते. मुलीनं हे सगळं डोळे मोठे करून ऐकलं, म्हणाली, ‘एक्झॅक्टली सर!’ आणि साठ कॅप्सूलची बाटली माझ्या हातात ठेवली. साडेनऊशे रुपये. आत मिरीचा अर्कही होता. का, तर नुसतं करक्युमिन अंगाला फारसं लागत नाही, मिरीतल्या पिपरिननं ते शोषलं जातं. हे खरंय. आमच्याकडे याला भाजी म्हणतात, पण इतकं बोलून झाल्यावर बाटली परत ठेवायला तोंड उरलं नव्हतं.

आणि आजी! दर तिसऱ्या स्टॉलवर एक आजी. ‘आजीचा बटवा’, ‘आजीची रेसिपी’, ‘आजीला सगळं माहीत होतं’. माझी आजी दिवसातून दोनदा मिश्री लावायची, चहात साखर घालायची की साखरेत चहा हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि पाय सुजले की देवऋषाकडे जायची. तिचं ज्ञान बाटलीत भरून विकलं तर विकणारा आत जाईल. या सगळ्यांच्या आज्या वैद्य होत्या, तर माझीच तेवढी नातेवाईक कशी निघाली?

असो. काका मला भेटले ते त्या नोनीच्या स्टॉलवर.

मी कप तोंडापासून दूर धरून उभा असताना शेजारून आवाज आला, ‘घ्या, घ्या. फरक पडतो.’ वळून बघितलं तर चौकड्यांचा शर्ट, चष्मा, मिशी, अंगानं काठी, वय सत्तरीच्या पुढे. खांद्याला कापडी पिशवी. मी घेतलं. ते समाधानानं मान हलवून निघून गेले. नाचणीच्या बिस्किटांपाशी गेलो तर तिथेही तेच. ‘फरक पडतो.’ तांब्याच्या बाटल्यांपाशी, चुंबकाच्या गादीपाशी, शिलाजिताच्या काळ्या डबीपाशी, सगळीकडे काका माझ्याआधी पोचलेले आणि त्यांना फरक पडून चुकलेला. माझी खात्री पटली की हा आयोजकांनी सोडलेला माणूस आहे. सरळ विचारलं, ‘काका, तुम्ही कंपनीतर्फे का?’

त्यांना लागलं. ‘अहो, मी वीज मंडळातून निवृत्त आहे.’

‘मग हे सगळं तुम्ही खरंच घेता?’

‘मिळेल तेवढं घेतो.’

‘आणि फरक पडतो?’

‘पडतो की.’

‘कशात?’

काकांनी थोडा विचार केला. ‘एकंदरीत.’

‘नाही, म्हणजे मूळ त्रास काय होता?’

‘त्रास नव्हता.’

‘आणि आता?’

‘आताही नाही,’ काका म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की याहून जास्त पुरावा तुम्हाला काय पाहिजे.

मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. त्यात तीन रिपोर्ट होते. प्रदर्शनात तीन ठिकाणी म्हणे ‘क्वांटम’ मशिन होतं. मुठीत धातूचा दांडा धरायचा, दीड मिनिट गप्प बसायचं, की यकृतापासून मेंदूपर्यंत सगळ्याचे आकडे छापून बाहेर. रक्त नाही, सुई नाही. मुठीतून मूत्रपिंड कसं दिसतं, हे विचारायचं नसतं. काकांनी तिन्ही कागद माझ्यासमोर पत्त्यांसारखे पसरले.

‘हे बघा. सकाळी दहा वाजता किडनी बासष्ट. सव्वाअकराला एकाहत्तर. आत्ता साडेबाराला अठ्ठ्याहत्तर. अडीच तासांत!’

‘काका, ही तीन वेगवेगळी मशिनं आहेत.’

‘हो.’

‘तीन वेगवेगळ्या कंपन्यांची.’

‘हो, पण किडनी तीच ना?’

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. मी ताक प्यायलो. ते ताक नव्हतं, प्रोबायोटिक होतं, आणि साठ रुपयांना होतं.

‘तुमचं काय?’ काका माझ्या पोटाकडे बघत म्हणाले. हा प्रश्न त्यांनी इतका हळू आवाजात विचारला की आसपासच्या चार स्टॉलवरची पोरं वळली. पुढच्या मिनिटाला मी मोजे काढून एका वजनकाट्यावर उभा होतो. हे मशिन त्या दांड्याइतकं भोंदू नसतं. तळपायातून अगदी सौम्य वीज सोडतात. अंगातलं पाणी विजेला वाट देतं, मेद अडवतो. त्यावरून, आणि आपण सांगितलेल्या वय-उंचीवरून, ते सूत्रानं अंदाज बांधतं. पण पोटात पाणी किती आहे यावर तो अंदाज हलतो, आणि मी तोवर अकरा कप रस, एक प्रोबायोटिक आणि थोडी बारतोंडी रिचवली होती. मशिन म्हणालं, शरीराचं वय त्रेसष्ट. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. माझ्यामागोमाग काका चढले. वय चौऱ्याहत्तर, मशिनच्या मते एकावन्न. म्हणजे त्या काट्यावर मी काकांपेक्षा बारा वर्षांनी मोठा होतो. काकांनी ते मान्य केल्यासारखा माझ्या पाठीवरून हात फिरवला.

स्टॉलवरच्या पोरानं पावडरचा डबा पुढे केला. ‘तीन महिने सर. शुगर, बीपी, गुडघे, सगळं नॉर्मल. एफएसएसएआय अप्रूव्हड आहे.’

‘सरकारमान्य आहे,’ काकांनी मराठीत भाषांतर केलं.

इथे माझा खरा संताप सुरू होतो, तेव्हा जरा ऐकून घ्या. डब्यावर चौदा आकडी नंबर होता, तो एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याच्या, परवान्याचा. तसाच नंबर आमच्या कोपऱ्यावरच्या फरसाणाच्या पाकिटावरही आहे, त्यानं गुडघे बरे होत नाहीत. असल्या पूरक आहारासाठी २०१६ साली नियम झाले. त्यांप्रमाणे डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. छापलेलंही होतं, बारकोडच्या खाली, मुंगीनं चष्मा लावून वाचावं इतक्या अक्षरात. म्हणजे डबा म्हणतो मी औषध नाही आणि डबा विकणारा म्हणतो शुगर नॉर्मल होईल. मधुमेह, लठ्ठपणा आणि उंची वाढवणं, या तिन्हींवरच्या औषधाची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ सालापासून आहे. कायदा एकाहत्तरी ओलांडून गेला, त्याचं शरीराचं वय किती भरेल देव जाणे. माझी सख्खी मावशी असल्याच एका चूर्णाच्या नादी लागून पाच महिने गोळ्या न घेता राहिली होती. पायाच्या बोटाला जखम झाली, ती भरेना, तेव्हा आम्हाला कळलं. तिलाही कोणीतरी ‘फरक पडतो’ असंच म्हणालं असणार. प्रेमानंच म्हणालं असणार.

हे सगळं मी त्या पोराला तिथे बोललो का? नाही. बावीस-तेवीस वर्षांचा होता, सकाळपासून उभा होता, आणि ‘सर, आजचं टार्गेट आहे’ असं हळूच म्हणाला. मी सातशे नव्याण्णव रुपयांचा डबा घेतला.

पिशवीत डबा पडतोय तोच काका म्हणाले, ‘अरे, यांचा फोटो काढून घे. आधीचा फोटो पाहिजे. नाहीतर फरक कळणार कसा?’ पोरगा म्हणाला, फक्त रेकॉर्डसाठी सर. मी सरळ उभा राहिलो, पोट आत घेतलं. ‘सर, नॅचरल,’ तो म्हणाला. मी सोडलं. क्लिक.

मग काकांनी आपणहून शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘माझाही एक असू दे.’

तर ‘नंतर’मध्ये काका आहेत.

तोच चौकड्यांचा शर्ट म्हणावा इतका तसाच शर्ट, तसाच चष्मा, तशीच मिशी. ग्रुपवर पहिला मेसेज आला, ‘वजन छान उतरवलंत, पण केस पार पिकले हो.’ दुसरा, ‘डाएट फार कडक नका करू.’ सेक्रेटरींनी विचारलं, तब्येत बरी आहे ना, मोटरचं काम दुसऱ्या कोणाला देऊ का? बायकोनं फोटो मोठा करून, दोन बोटांनी इकडेतिकडे सरकवून बघितला आणि म्हणाली, ‘नंतरचा बरा आहे.’

जाहिरातीवरच्या नंबरला फोन लावला. तोच पोरगा. लगेच ओळखलं त्यानं, फार गोड बोलला. ‘काढतो सर, नक्की काढतो. पण त्याला रिस्पॉन्स खूप चांगलाय. संध्याकाळपर्यंत राहू दे का?’ मग म्हणाला, ‘तुम्ही घेताय ना पावडर?’ मी म्हटलं, दोन दिवस घेतली, आता डबा ओट्यावर पडलाय. ‘तीन महिने घ्या सर. मग तुमचाच नंतरचा टाकू.’

फोन ठेवतोय तोच बेल वाजली. दारात बी विंगमधल्या काकू, हातात स्टीलची वाटी. ‘तुम्ही आहात होय ते! मला मुलानं सांगितलं. थोडी चाखायला द्याल का? आणि एक सांगा, ही जेवणाच्या आधी घ्यायची की नंतर?’

आतून बायकोचा आवाज आला, ‘त्यांना नका विचारू. ते आधीचे आहेत.’