काळ सलग म्हणून आलेख सलग असतोच असं नाही

परीक्षा आली की संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये ‘यादृच्छिक प्रक्रिया चार ओळींत’ हा फॉरवर्ड फिरू लागतो. यादृच्छिक प्रक्रिया म्हणजे काळाबरोबर योगायोगानं बदलत जाणारी किंमत. फॉरवर्ड पाठ करायला सोपा आहे, पण व्याख्या म्हणून वापरलात तर फसाल.

१. ‘काळ सलग असेल तर प्रक्रियेचा आलेखही सलग.’ सलग आहे ते घड्याळ. चहाच्या टपरीवर आतापर्यंत किती गिऱ्हाइकं आली, हे कुठल्याही क्षणी विचारता येतं. उत्तर मात्र पूर्णांकच, आणि आलेख जिन्यासारखा. गिऱ्हाइकं एकमेकांशी संबंध न ठेवता, ठरावीक सरासरी वेगानं येत असतील, तर पॉइसन प्रक्रिया म्हणतात ती हीच.

२. ‘सुरुवात शून्यापासून, सरासरी शून्य, प्रचरण उलटलेल्या काळाइतकं, वाढी परस्परस्वतंत्र, झाली वीनर प्रक्रिया.’ (प्रचरण म्हणजे किमती सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप; वाढ म्हणजे दोन क्षणांमधला किमतीतला फरक.) ही चूक खरी वाटते, म्हणून जास्त घातक. त्याच टपरीवर मिनिटाला सरासरी एक गिऱ्हाईक येतं असं धरा आणि मोजणीतून उलटलेली मिनिटं वजा करत जा. चारही अटी पास! तरी पहिल्या मिनिटात कुणीच न येण्याची संभाव्यता सुमारे ०.३७, आणि तेव्हा किंमत नेमकी उणे १. वीनर प्रक्रिया पहिल्या मिनिटाअखेर नेमकी उणे १ वर असण्याची संभाव्यता शून्य. फॉरवर्डमधून दोन गोष्टी गळल्यात: वाढींचं वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) हवं, आणि मार्ग, म्हणजे प्रक्रियेचे आलेख, संतत म्हणजे सलग हवेत.

३. ‘प्रत्येक क्षणी दोन प्रक्रिया समान असण्याची संभाव्यता १, म्हणजे त्या एकच.’ इथे भलेभले घसरतात. एक वीनर प्रक्रिया घ्या. ० ते १ मधला एक क्षण तिच्याशी संबंध न ठेवता, एकसमान वितरणानं (कुठल्याही क्षणाला झुकतं माप न देता) निवडा आणि फक्त त्या क्षणी किंमत १ नं वाढवा; आलेखावर तिथे एक काटा उगवेल. तुम्ही आधीच ०.५ हा क्षण ठरवून विचारलंत, तर नवी-जुनी किंमत सारखीच, कारण काटा नेमका तिथेच उगवण्याची संभाव्यता शून्य. पण अख्खे आलेख शेजारी ठेवा: एक सलग, दुसऱ्यावर हमखास एक काटा. ठरवलेल्या एकेका क्षणाची हमी सगळ्या क्षणांना एकदम लागू होत नाही. क्षण अगणनीय आहेत, म्हणजे एक-दोन-तीन अशी त्यांची यादीच करता येत नाही. दोन्हींचे मार्ग उजवीकडून संतत असतील तर मात्र ही ओळ खरी. म्हणून तर मार्गांचं सातत्य व्याख्येत वेगळं लिहावं लागतं.

४. ‘ब्राउनियन गती भौतिकशास्त्राची, वीनर प्रक्रिया गणिताची.’ वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राउननं १८२७ मध्ये परागकणांतले सूक्ष्म कण पाण्यात हलताना पाहिले, गणितज्ञ वीनरनं १९२३ मध्ये गणिती रचना दिली, इतपत ठीक. आज गणितात दोन्ही नावं एकाच प्रक्रियेला चालतात. शिवाय फ्रेंच गणितज्ञ बॅशलिएनं १९०० सालीच पॅरिसच्या शेअर बाजारातल्या किमतींसाठी ती मांडली होती. वीनर तेव्हा पाच वर्षांचा होता.