काका, तो मळ नव्हता

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली आणि उत्तर लिहायला आठवडा घेतला. वरवरचं काही लिहून तुमची बोळवण करायची नव्हती, म्हणून वेळ लागला.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळाला खोटी माशी बांधून मासे धरण्याच्या खेळाची, जुनी इंग्लिश रिळं कशी ओळखायची यावर लिहिलं होतं. रीळ म्हणजे काठीच्या बुडाशी बसवलेलं, दोरी गुंडाळायचं चाक. जुन्या रिळाचं पितळ कधीही घासू नका, असं त्यात ठासून म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘पोरी, माझं लहानपण पुण्याच्या तांबट आळीत गेलं. काळं पितळ दिसलं की त्या घरात कोणी आजारी आहे का, असं विचारायचे आमच्याकडे. आळसाला जाणकारी म्हणू नकोस.’ पुढे तुम्ही सांगितलंत, की जुन्या बाजारात मिळालेलं एक पितळी रीळ तुम्ही चिंच-मिठाने लख्ख केलंत आणि माझा लेख वाचून आता ते बिघडवल्यासारखं वाटतंय. शिवाय 1888 चं पेटंट असलेलं रीळ 1905 चं कसं हा घोळ, हस्तिदंताच्या मुठीचं कौतुक आणि साहेबाच्या खेळण्यांचा सोस, यांवरूनही तुम्ही मला धरलंत.

आधी पितळ, कारण तुमचा राग तिथला आहे आणि माझंही सगळं म्हणणं तिथेच आहे.

तुमच्या आळीत भांडं ठोकून, मठारून, उजळूनच दुकानात जायचं. चकाकी हा त्या भांड्याचा मूळ रंग. ती गेली की ती परत आणणं हे घरच्यांचं काम, आणि ते न करणं हा हलगर्जीपणा, यात तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण या रिळांचं उलटं आहे. ती कारखान्यातून चकचकीत बाहेर पडतच नव्हती. पितळी भागांना मुद्दाम रासायनिक प्रक्रियेने गडद तपकिरी रंग चढवलेला असायचा. पुढे हलक्या मिश्रधातूची रिळं आली, त्यांना शिशासारखा काळपट करडा रंग दिला जायचा. कारण साधं आहे. मी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला राहते. इथून तासाभरावर कॉकेट नदी आहे. उन्हाळ्यात तिचं पाणी इतकं उथळ आणि नितळ असतं, की गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी तळाचा गोटा न् गोटा दिसतो. त्या पाण्यातला ट्राउट मासा काठावर नुसतं काही लकाकलं तरी क्षणात दगडाआड जातो. काठीच्या बुडाशी आरशासारखं चमकणारं पितळ घेऊन तिथे गेलं तर रिकाम्या हाताने परत यायचं.

म्हणून म्हणते काका, तो मळ नव्हता. ते रिळाचं अंगचं कातडं होतं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. 2012 च्या हिवाळ्यात मी माझं पहिलं चांगलं रीळ घेतलं. हार्डी बंधू या जुन्या इंग्लिश कारखान्याचं ‘परफेक्ट’, चार इंची, पितळी तोंडाचं. घरी आणलं आणि तुम्ही केलंत तेच केलं. वेस्ट रोडवरच्या देशी दुकानातून चिंच आणली, कोमट पाण्यात कोळली, मीठ घातलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तासभर घासत बसले. फडक्यावर काळं-तपकिरी उतरत होतं आणि मला वाटत होतं, शंभर वर्षांचा मळ निघतोय. सगळ्या घरात चिंचेचा वास. शेवटी ते सोन्यासारखं झालं तेव्हा इतका आनंद झाला, की फोटो काढून आईला पाठवला.

मग टेबलावरच्या दिव्याखाली धरलं. तोंडाच्या तबकडीवर हार्डींचा जुना शिक्का होता, मुठीत काठी धरलेला हात. घासण्याआधी त्या हाताची बोटं वेगवेगळी दिसत होती. आता ती एकमेकांत मिसळली होती. अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. दोन महिन्यांनी आणखी एक दिसलं. सांध्यांमध्ये अडकलेलं मीठ ओल धरून बसलं होतं आणि स्क्रूंच्या भोवती हिरवी रेघ उठली होती. आंबट, खारट आणि ओल एकत्र आली की ती घडीव सांध्यात शिरतात. भांड्याला आत सांधा नसतो, ते भसाभस पाण्याने धुता येतं. रिळाला चाक आहे, कमान (स्प्रिंग) आहे, छर्रे आहेत.

पुढच्या वसंतात नदीवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी ते हौसेने दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत देत एवढंच म्हणाले, ‘कोणीतरी साफ केलंय.’ ते कोणीतरी मी आहे, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

आता याचा ओळखण्याशी काय संबंध, ते बघा. तुम्ही तांबट आळीतले, म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा आधी कळेल. मठाराच्या ठोक्यांवरून हात कोणाचा, हे जाणता माणूस सांगतो. तसं रिळाचं वय आणि खरेपणा पृष्ठभागावर लिहिलेला असतो. खरी झीज सारखी नसते. बोटं जिथे दोरी थोपवायला टेकतात ती कड उजळते, मुठीच्या आजूबाजूला रंग विरळ होतो. रिळाची खालची पट्टी, जिला पाय म्हणतात, ती काठीच्या कड्याखाली दडलेली असते, त्यामुळे तिच्या टोकांवर जुना गडद रंग बऱ्याचदा शाबूत सापडतो. सगळं रीळ एकसारखं लखलखीत असेल तर ते घासलेलं आहे. पायाच्या टोकापासून कडेपर्यंत एकसारखं काळं असेल तर ते नव्याने रंगवलेलं असण्याचा संभव फार. मी बाजारात आधी नाव बघत नाही, पाय बघते. पुष्कळदा तो दोन्ही टोकांना कानशीने घासून निमुळता केलेला असतो, कारण मालकाला ते रीळ आपल्या काठीच्या कड्यात बसवायचं होतं. त्याने किंमत उतरते, पण असलं रीळ मला आवडतं. ते नदीवर गेलेलं असतं.

1888 आणि 1905 चा प्रश्न तुम्ही अगदी रास्त विचारलात. माझं वाक्यच घाईत लिहिलेलं होतं. विल्यम हार्डी यांनी 1872 मध्ये नॉर्थम्बरलंडमधल्या ॲनिक गावात बंदुकांचं दुकान काढलं (स्पेलिंग वाचून सगळे अल्नविक म्हणतात, गावचे लोक ॲनिक म्हणतात), मग भाऊ जॉन जेम्स त्यांना येऊन मिळाले आणि बंदुकांबरोबर मासेमारीचं सामान सुरू झालं. ‘परफेक्ट’ रिळाचं पेटंट 1888 चं, बाजारात ते आलं 1891 ला, आणि नंतर कित्येक दशकं ते बनत राहिलं. म्हणजे पेटंटचं साल ही कल्पनेची जन्मतारीख झाली, हातातल्या रिळाची नाही. मी दोन्ही एका वाक्यात कोंबली, ते चुकलंच.

हातातल्या रिळाचं वय अंगावरच्या खुणांवरून लावावं लागतं. ‘परफेक्ट’ची ओळख म्हणजे त्यातले छर्रे, सायकलच्या चाकात असतात तसे. सुरुवातीची रिळं अख्ख्या पितळेची, मग पितळी तोंडाची, मग पूर्ण मिश्रधातूची. मूठ आधी हस्तिदंताची, नंतर हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम पदार्थाची, त्यानंतर काळी. पाय आधी पितळेचा, पुढे मिश्रधातूचा. ‘ड्युप्लिकेटेड मार्क टू’ अशी अक्षरं असतील तर नक्कल समजून सोडून देऊ नका. सगळे भाग एकाच मापाचे, एका रिळाचे दुसऱ्याला बसतील असे, हा त्याचा अर्थ, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या पुष्कळ रिळांवर ती असतात. 1911 साली आलेल्या ‘सेंट जॉर्ज’ला दोरी बाहेर पडते तिथे अकीक दगडाची कडी असते. ती नखाने चाचपून बघा. तडा गेलेला असेल तर डोळ्याआधी नखाला कळतो, आणि दोरी तिथेच कापली जाते. ‘युनिका’ नावाच्या रिळात मधली खिट्टी बघायची. आधीची घोड्याच्या नालेसारखी, नंतरची जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखी.

आणि आवाज. आतल्या दातेरी चाकावर एक छोटा कुत्रा बसलेला असतो, फ्रीव्हीलमध्ये असतो तसाच. मासा दोरी ओढायला लागला की तो करकरतो. जुन्या ‘परफेक्ट’चा आवाज घोगरा आणि भरीव असतो. फोटोवरून रीळ घेऊ नका असं मी म्हणते त्याचं मोठं कारण हे आहे. आत कुत्रा बदललेला असेल, कमान तुटलेली असेल, तर ते फोटोत दिसत नाही, पण चार वेढे फिरवले की कानाला लगेच कळतं.

हस्तिदंताबद्दल तुम्ही मला खडसावलंत ते योग्य केलंत. मी मुठीच्या रंगाचं वर्णन करत सुटले आणि तो हत्तीचा दात आहे, हे जणू विसरले. जे लिहायला हवं होतं ते आता लिहिते. ब्रिटनमध्ये 2018 चा हस्तिदंत कायदा जून 2022 पासून लागू आहे. 1947 च्या आधीची आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तूसुद्धा सरकारी नोंदणी केल्याशिवाय विकता येत नाही. भारतात तर या व्यापारावर पूर्ण बंदी आहे. त्यामुळे भारतातल्या वाचकांनी हस्तिदंती मुठीचं रीळ मागवू नये. इथून येताना आणूही नये. आणि खरं-खोटं तपासायला तापलेली सुई लावायचा जो उपाय जुने लोक सांगतात तो करू नका, कृत्रिम मूठ भसकन पेट घेऊ शकते. भिंगातून मुठीचं टोक बघा. खऱ्या दातात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. कृत्रिम मुठीत ती नसते, फार तर सरळ समांतर रेघा असतात.

साहेबाची खेळणी म्हणालात. विकत घेणारे साहेब होते, हे खरं. पण कानस, लेथ आणि कमान बसवणारे हात ॲनिकच्या कारागिरांचे होते, आणि जुन्या रिळांच्या आत त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली सापडतात. मालकाचं नाव बाहेर, कारागिराचं आत. मी जमवते ती आतल्या अक्षरांसाठी. तांबट आळीत वाढलेल्या माणसाला हे पटेल असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचं रीळ. ते बिघडलेलं नाही. रंग गेला, घडण राहिलीय, आणि ओळख घडणीवरूनही पटते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मूठ वाकड्या दांडीवर बसलेली दिसतेय, तबकडीवर नाही. अशा बाहेर आलेल्या दांडीत दोरी सारखी अडकायची, म्हणून पुढे मूठ थेट तबकडीवर बसवायला लागले. त्यामुळे घडण जुन्या पद्धतीची आहे. नाव नाही म्हणून नाराज होऊ नका. बर्मिंगहॅम आणि रेडिचच्या कारखान्यांतून बिननावाची रिळं घाऊक जायची आणि दुकानदार वाटल्यास आपलं नाव घालायचे. उलट नाव असलं तरी ते बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. हार्डींकडून बाहेर पडलेल्या डिंग्ली या कारागिराची रिळं दुसऱ्यांच्या नावाने विकली गेली, आत फक्त एक ‘डी’ असायचा. सजावटीसाठी आजही नवी पितळी रिळं बनतात, तेवढी शंका मात्र फेडून घ्या. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला एक जरी स्क्रू निघाला, तर एक तर रीळ नवं आहे किंवा कोणीतरी तो स्क्रू बदललाय.

वर लाखेचा हात मारू नका. काळं करायचं औषधही लावू नका. कोमट पाण्याने पुसून, मऊ ब्रशने सांध्यातलं मीठ काढा, पंख्याखाली दोन दिवस पूर्ण सुकू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दांड्याला आणि कुत्र्याला द्या. पितळ आपलं आपण गडद होत जाईल. उघडताना खाली पांढरा रुमाल अंथरा, आणि खाचेच्या रुंदीएवढाच पेचकस घ्या. अरुंद पेचकसाने जुन्या स्क्रूची खाच चेपते आणि ती भरून येत नाही.

उघडलंत की आतल्या बाजूचा एक फोटो पाठवा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे माप कळेल. उजेड बाजूने पडू द्या, अक्षरं असतील तर तिरप्या उजेडातच दिसतात.