गोधडीला चार बाजू असतात

घरातल्या माणसांना सुईदोऱ्याची गोडी लावायची असेल, तर त्यांच्या हातात आधी रुमाल, पिशवी, उशीचा अभ्रा असलं काही देऊ नका. सरळ हॉलमध्ये गोधडी पसरा आणि बसा म्हणा. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत मशीन चालू असतं. तरीही आमच्या घरात एक तरी गोधडी कायम अर्धवट शिवलेली असते. गिऱ्हाइकं विचारतात, "एवढ्या कामात हे कधी करता?" म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ब्लाउज एका माणसाच्या मापाचा असतो आणि शिवतोही एकच माणूस. मी कटोरी जोडत असताना शेजारी बसलेल्याला करण्यासारखं काही नसतं, फार तर हूक लावून देईल. गोधडीचं तसं नाही. आमच्याकडे कडेपासून आत शिवत जातात. पहिली ओळ चारी कडांनी फिरवायची, मग बोटभर अंतर सोडून आतली चौकट, मग तिच्या आतली, असं करत मधोमध यायचं. त्यामुळे चार बाजूंना चार माणसं एकाच वेळी बसू शकतात. शेजारच्याने कोपऱ्यापर्यंत आणलेली ओळ आपण पुढे न्यायची. कुणाचा हात हळू चालत असेल तर बाकीचे त्याच्यासाठी थांबतात, आणि त्या थांबण्यातच घरातल्या निम्म्या गोष्टी बोलून होतात. शाळेत काय झालं हे माझा मुलगा जेवताना विचारलं तर सांगत नाही, सुई हातात असली की आपणहून सांगतो.

कारवारच्या बाजूला, हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकाही त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कोपऱ्यापासून सुरू करून चौफेर फिरत आत शिवत नेतात. कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. त्यांचे भडक तुकडे आणि ठसठशीत टाके पाहिले की मला आमच्या सासूबाईंचा हात आठवतो. सासूबाई गोधडीला वाकळच म्हणतात आणि सुईऐवजी अजून दाभण मागतात.

कापड जमवणं हाही सगळ्या घराचा उद्योग आहे. जुनी सुती नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. तिचे चार सारखे तुकडे केले की दोन शेजारी शेजारी जोडून वरची बाजू होते आणि दोन जोडून खालची. एका लुगड्यात दोन्ही अंगं निघतात. आत काय घालायचं यावर मात्र आमच्याकडे कडाक्याची चर्चा होते. धोतर, सुती परकर, मऊ पडलेले शर्ट चालतात. कॉलर, बटणपट्टी आणि जाड शिवणी कापून टाकायच्या. जीन्समध्ये हाताने सुई जात नाही. टीशर्टचं होजिअरी कापड ताणतं आणि गोधडीला पोक येतो. नायलॉन, जॉर्जेट मी अजिबात घेऊ देत नाही. ते आत सरकतं, घाम शोषत नाही, आणि दहा वर्षांनीही मऊ होत नाही. बाजारात हल्ली सिंथेटिक साड्यांच्या चकचकीत गोधड्या मिळतात, दिसायला छान असतात. पण त्या पांघरून झोपवत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या ब्लाउजच्या कामाचाही इथे उपयोग होतो. टू बाय टू नावाच्या कापडाच्या अस्तराची कातरणं रोज निघतात. ती फेकायची नाहीत. मुलगा ती रंगांप्रमाणे वेगळी करतो आणि वरच्या बाजूला ठिगळं कुठे लावायची तेही तोच ठरवतो. दसरा काढताना घरातली सगळी पांघरुणं धुऊन वाळत पडतात, तेव्हा जी वाकळ फाटलेली निघते तीही वाया जात नाही. पुढच्या गोधडीच्या पोटात जाते.

आता वेळेबद्दल. माझा हिशेब साधा आहे. तारीख असलेलं काम मशीनवर, लग्नसराई सोडली तर दिवसाच्या उजेडात. ब्लाउज दोरीवर तारखेप्रमाणे टांगलेले असतात. तुरपाई, हूक ही हातकामं दुपारी. रात्री जेवणं झाली की सतरंजी आणि तिच्यावर गोधडी. गोधडीला सहसा तारीख नसते आणि हाच तिचा मोठा गुण आहे. ती कुठेही थांबवता येते. सुई शेवटच्या टाक्यात टोचून ठेवायची, गुंडाळी करायची आणि कपाटावर टाकायची. चार दिवसांनी उघडली तरी काही बिघडत नाही. सगळे थर आधी लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घेतलेले असले की आतलं काही हलत नाही. दमलेल्या माणसाला माप, कटिंग, डोकं चालवणं नको असतं. धावदोरा घालायला कुणी दमत नाही.

आमच्या घरात एकच नियम आहे. दुसऱ्याचा टाका उसवायचा नाही. टाके वेडेवाकडे आले तरी गोधडीचं काही अडत नाही, कारण टाक्यांचं काम थर धरून ठेवण्याचं आहे, धुताना आतलं कापड गोळा होऊ नये एवढंच. बघायचं ते एवढंच की टाका इतका लांब नको की झोपेत पायाचं बोट त्यात अडकेल. माझ्या मिस्टरांची ओळ तिरकी जाते, जाऊबाईंची आखल्यासारखी सरळ. दोन्ही एकाच गोधडीत आहेत आणि कुठली कुणाची हे घरातलं कुणीही सांगू शकतं. मला ते फार आवडतं.

हो, मिस्टरही शिवतात. "पुरुष माणूस गोधडी शिवतो?" असं विचारणारे आमच्याकडे येतात. गावोगावचे शिंपी पुरुषच होते, आणि नामदेव महाराज शिंप्याच्याच घरातले. मशीनवर बसलेला पुरुष चालतो आणि जमिनीवर बसून टाके घालणारा चालत नाही, हे मला कधी पटलेलं नाही.

"मशीनवर का नाही मारत? एका दिवसात होईल," असंही सुचवलं जातं. तुकडे जोडायला, कडेची पट्टी लावायला मी मशीनच वापरते. पण मधली शिवण मशीनवर गेली की मी एकटी त्या ओझ्याशी झटत बसणार आणि बाकीचे मोबाइल बघणार. मला गोधडी लवकर संपवायची घाईच नाही.

मोठी नणंद अमेरिकेत असते. तिकडे तिला क्विल्टिंगचा छंद लागलाय. त्यांच्याकडे दोन कापडांच्या मध्ये तयार कापसाचा थर मिळतो, कापायला गोल पात्याचं कटर असतं, चौकोन सुताला सूत जुळतात. सुंदर काम करते. व्हिडिओ कॉलवर ती तिचं दाखवते, सासूबाई आपलं दाखवतात. "आत काही भरत कसं नाही गं तुम्ही?" असं तिनं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "कापडावर कापडच तर भरलंय की!" गेल्या वेळी आली तेव्हा इथून तिच्या आजीच्या लुगड्याचा काठ घेऊन गेली, तिच्या क्विल्टला लावायला.

सध्या मात्र तारीख असलेली गोधडी आमच्याकडे आली आहे. पुतणीचे दिवस भरत आलेत आणि बाळाला दुपटी हवीत. दुपटं लहान, मीटरभर चौरस, तीनच थरांचं, त्यामुळे एका वेळी दोघांनाच बसता येतं आणि घरात नंबर लागतात. कापड जुनंच घ्यायचं, शंभर वेळा धुतलेलं, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते. दोऱ्याच्या गाठी सगळ्या आतल्या थरात दडवायच्या. मुलाने एक दुपटं एकट्याने पुरं करायला घेतलंय, त्यामुळे त्याच्या शेजारी मला बसायलाच लागतं. ही सगळी होईपर्यंत नवीन ब्लाउज घेत नाही, आणि गिऱ्हाइकांना तसं सांगून ठेवलंय.