घोडा बघायला गेलो होतो

गेल्या रविवारी दुपारी साडेचारच्या सुमाराला मी पतित झालो. मित्राच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर, चार खेळाडू, एक डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निकाल देणारा) आणि मटार सोलत बसलेले डीएमचे वडील यांच्या देखत.

खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते काय करतं ते तोंडाने सांगायचं, बाकी डीएम आणि फासे बघतात. माझं पात्र पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ, सज्जन योद्धा. हल्लीच्या आवृत्त्यांत पॅलाडिनची बरीच सोय केलेली आहे, शपथसुद्धा आपली आपण निवडता येते. पण आमचा डीएम जुन्याचा भक्त. त्याला 1978 चेच नियम लागतात. त्यात नऊ अलाइनमेंट, म्हणजे पात्राच्या वृत्तीचे नऊ कप्पे आहेत आणि पॅलाडिनला त्यांतली एकच चालते, लॉफुल गुड, म्हणजे नियमाने चालणारा सज्जन. करिष्मा, म्हणजे पात्राची छाप, किमान 17 हवा. तीन फाशांत 17 किंवा 18 पडायची शक्यता 216 मध्ये 4, आणि मला ते पडले! आयुष्यात एकदाच काहीतरी मनासारखं पडलं, तेही कॅरेक्टर शीटवर. पुढे जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत, मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, संगत सज्जनांची. न्यूट्रल (ना सज्जन, ना दुष्ट) माणूस घ्यायचाच तर एका मोहिमेपुरता, कंत्राटी तत्त्वावर. एवढं करून बढतीच्या नावाने बोंब. दुसऱ्या लेव्हलला जायला चोराच्या पात्राला 1251 गुण पुरतात, मला 2751. हे मी डीएमला तीनदा दाखवलंय. तो म्हणतो, सज्जनपणा महागच असतो. स्वतः तो एकदाही पॅलाडिन झालेला नाही.

तर खेळात आम्ही एक गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, पकडला. खजिना कुठे आहे ते सांगेना. आमचा चोर (केऑटिक न्यूट्रल, म्हणजे नियम न मानणारा) मला म्हणाला, "तू जरा घोडा बघून ये." मी गेलो. परत आलो तेव्हा खजिन्याचा पत्ता मिळाला होता आणि गॉब्लिनची दोन बोटं कमी होती. डीएमने पुस्तक मिटलं. "जाणूनबुजून दुष्कृत्य. तू आजपासून साधा फायटर. कायमचा."

मी म्हटलं, दुष्कृत्य कसलं, फार तर केऑटिक कृत्य, नियमभंग धर. सातव्या लेव्हलच्या क्लेरिकपुढे, म्हणजे पुरोहितापुढे, कबुली देतो, सांगेल ते प्रायश्चित्त घेतो. तो ऐकेना. तेवढ्यात मटारच्या ताटामागून आवाज आला.

"याला नोटीस दिली होतीस का?"

काका महसूल खात्यातले. अव्वल कारकून म्हणून बरीच वर्षं काढली, निवृत्त झाले ते नायब तहसीलदार म्हणून.

"कसली नोटीस, बाबा?"

"कारणे दाखवा. बडतर्फ करतोयस ना त्याला? शिस्त व अपील नियम आहेत 1979 चे. दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, बचावाची संधी. घटनेचं कलम 311 काय उगाच आहे? असं कुणाला उठून घरी बसवता येत नाही."

मला अक्षरशः भरून आलं. "काका, मी मघापासून तेच सांगतोय."

"तू थांब. घोड्याला काय झालं होतं?"

"काही नाही."

"मग बघायला का गेलास?"

"याने सांगितलं म्हणून."

"हा तुझा वरिष्ठ?"

"नाही. चोर आहे."

काकांनी हातातली शेंग खाली ठेवली. "चोराच्या सांगण्यावरून जागा सोडलीस. हालचाल नोंदवहीत लिहून गेलास?"

"काका, तो साधा घोडा नाही. चौथ्या लेव्हलपासून मिळतो, दहा वर्षांतून एकदाच बोलावता येतो."

"बरं. तिकडे असताना आवाज आला का काही?"

मी गप्प. डीएमने वही उघडली. हा माणूस सगळं लिहून ठेवतो. "मी दोनदा सांगितलं, गॉब्लिन ओरडतोय. पहिल्यांदा हा म्हणाला, 'मी घोड्याला खरारा करतो.' दुसऱ्यांदा म्हणाला, 'शेपटीलाही करतो.'"

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे एक साहेब होते," ते म्हणाले. "अत्यंत स्वच्छ माणूस. कुणाचा रुपया घेतला नाही. फक्त टेबलावर पाकीट यायच्या वेळेला बरोबर चहाला जायचे. पाकीट दुसरा कुणी घ्यायचा, सही मात्र साहेबांची. निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं." मग परत शेंग उचलून, "दिसायचेही बरेचसे तुझ्यासारखे."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? चोर. ज्याने बोटं कापली तो! त्याला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "मी केऑटिक न्यूट्रल आहे, असाच वागणार." आमच्या सोसायटीतही एकजण गेटसमोर आडवी गाडी लावतो, त्याच्याबद्दल सगळे म्हणतात, जाऊ दे, तो तसाच आहे. आणि मेंटेनन्स दोन दिवस उशिरा भरला म्हणून माझं नाव फळ्यावर. लॉफुल गुड लिहिलं की तुम्हाला तोलायला सगळ्यांच्या हातात तराजू.

त्या नियमांत प्रत्येक अलाइनमेंटची एक गुप्त भाषाही असते. सज्जनांनी सज्जनांशी बोलायची. आमच्या टेबलावर मी ती बोलणार कुणाशी? म्हणून तर घोड्याकडे गेलो होतो, असंही सांगून पाहिलं. रागारागाने फासा टाकला तो नेमका हिरवा, गेला मटारच्या दाण्यांत. पाच मिनिटं सगळे वीस बाजूंचा मटार शोधत होते.

तो सापडल्यावर डीएमने शेवटचं ऐकवलं. पॅलाडिनपद गेलं तसा घोडाही गेला.

"घोडा का?" मी ओरडलो. "घोड्याने काय केलंय?"

काका ताट उचलून स्वयंपाकघराकडे निघाले होते. "बरोबर आहे त्याचं," ते जाता जाता म्हणाले. "सरकारी वाहन जमा करायचं असतं."

मी रिक्षाने घरी आलो. चोर बाइकवर माझ्याच रस्त्याने गेला. त्याने विचारलंसुद्धा नाही.